रायफल घ्यावी, की बारा बोअर?



मागच्या तालुका बैठकीत सोयाबीनच्या भावावर दोन तास बोलणे झाले. ठराव वाचून झाला, चहा फिरला आणि मागच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उठून उभा राहिला. म्हणाला, "भावाचं तुम्ही बघून घ्या. पण भाव मिळायला माल तर घरात आला पाहिजे. माझं निम्मं हरभऱ्याचं रान डुकरांनी उकरून टाकलं. मला एवढंच सांगा, बंदूक घ्यायची तर कोणती घेऊ? पोरगा म्हणतो, रायफल घ्या."

सभा हसली. पण हसणे संपायच्या आत दहा-पंधरा हात वर आले होते. कुणाचा भुईमूग गेला, कुणाचा मका आडवा झाला, कुणाच्या तुरीत रोह्यांचा कळप मुक्कामाला आहे. प्रत्येकाचा प्रश्न तोच. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाही धड उत्तर देता आले नाही. म्हणून या अंकाचा अग्रलेख भावावर नाही, बंदुकीवर आहे. जिल्हा बैठकीत या विषयावर चर्चा होणार आहे. तिथे येण्याआधी प्रत्येकाने हे वाचून, घरात बोलून यावे, एवढी विनंती.

बोल्टची रायफल म्हणजे काय

रायफल आणि साधी बंदूक यांत फरक नळीचा. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात. गोळी त्या आट्यांतून गरगरत बाहेर पडते आणि भोवरा फिरता असला की जसा सरळ उभा राहतो, तशी ती हवेत सरळ जाते. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. तिच्यातून छर्रे सुटतात आणि पुढे पुढे पसरत जातात.

बोल्ट म्हणजे दाराची कडी. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर पडते. मूठ पुढे ढकलली की मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत जाते. मूठ खाली दाबली की कडी लागते. मग चाप. प्रत्येक गोळीला हे सगळे हाताने करावे लागते. आपोआप काहीही होत नाही.

आपल्या देशात शेतकऱ्याला रायफल म्हटली की बहुधा डोळ्यासमोर येते ती ३१५ बोअरची. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ती तयार होते. हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या सरकारी कंपनीकडे आहे. रायफलीची रचना जुन्या ली-एनफिल्डची, म्हणजे दोन महायुद्धांत वापरलेल्या थ्री-नॉट-थ्रीची. काडतूस मात्र वेगळे आणि ते का वेगळे, यातही आपल्या इतिहासाचा एक तुकडा आहे. पलटणीचे थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस रयतेच्या हाती पडू नये, ही इंग्रजांची चिंता. म्हणून शिकारीच्या रायफलींना ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे आठ मिलिमीटरचे काडतूस दिले गेले. इंग्रज गेला, ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य त्याच्याही आधी गेले, पण आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री अजून निषिद्ध आणि ३१५ अजून चालू. राज्यकर्त्यांची रयतेबद्दलची भीती साम्राज्यांपेक्षा जास्त टिकाऊ असते.

रायफलीच्या बाजूने

पहिला गुण नेमाचा. नीट लावून घेतलेली रायफल शंभर पावलांवरच्या डुकराच्या खांद्यामागे, जिथे म्हणाल तिथे गोळी टाकते. तिची गोळी जवळजवळ सोळा ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे सहाशे मीटरच्या वेगाने निघते. जुन्या नर डुकराच्या खांद्यावर जाड चिवट कातड्याची ढाल असते. छर्रे तिथे अडकतात, ही गोळी अडकत नाही. जनावर जागेवर पडते, अर्धमेले होऊन शिवारात फिरत नाही.

दुसरा गुण साधेपणाचा. बोल्टच्या रायफलीत बिघडण्यासारखे फारसे काही नसते. धूळ, चिखल, पावसाळी दमट हवा यांत ती चालते. फक्त प्रत्येक वापरानंतर नळी पुसून तेलाचा हात फिरवला पाहिजे.

तिसरा गुण आमच्या मते सर्वांत मोठा, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोल्ट काढून वेगळा ठेवता येतो. बोल्टाविना रायफल म्हणजे लोखंडाची काठी. घरात लहान पोरे आहेत, दारू पिणारा एखादा आहे, भावकीत वाद आहे, अशा घरात रायफल एका कुलपात, बोल्ट दुसऱ्या कुलपात आणि काडतुसे तिसऱ्या कुलपात ठेवता येतात.

चौथा गुण हा दोषही आहे. दुसरी गोळी सुटायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यामुळे माणूस पहिल्या गोळीचा विचार करतो. ज्याला एकच गोळी नीट मारायची आहे, तो थांबतो, बघतो आणि शंका आली तर चापावरचे बोट काढतो.

रायफलीच्या विरोधात

आता दुसरी बाजू. ती आम्ही लपवणार नाही.

चुकलेली रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आपल्या गावापासून दोन किलोमीटरच्या वर्तुळात काय काय येते ते मोजा. शेजारची वस्ती, मेंढपाळाचा वाडा, ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, रस्ता. त्यात आपली जमीन दगडाची. सपाट रानात लागलेली गोळी दगडावरून उसळून कुठे जाईल ते देवही सांगू शकत नाही. ज्यांनी रायफली बनवल्या, त्यांच्याकडे मैलच्या मैल जंगल होते. आपल्याकडे दोन एकरांच्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीला चार बांध, चार भावकी.

दुसरा दोष रात्रीचा. डुक्कर दिवसा येत नाही. ते येते रात्री, आणि उसातून, तुरीतून, मक्यातून येते, जिथे चार पावलांपलीकडचे दिसत नाही. शंभर पावलांचा नेम तिथे काय कामाचा?

आणि रात्री शिवारात एकटे डुक्कर नसते. जिथे पंपाची वीज अजून रात्रपाळीने येते, तिथे रात्री दोन वाजता माणूसच बॅटरी घेऊन पिकात शिरलेला असतो. त्याच बैठकीत एका शेतकऱ्याने आपली गोष्ट सांगितली. कापसाच्या ओळीत खसखस झाली. त्याने बंदूक उचलली, घोडा चढवला. तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला. मोटार बंद पडली म्हणून शेजारी बांध ओलांडून स्टार्टर बघायला निघाला होता आणि बॅटरीचे सेल संपले होते. "डुक्कर खोकत नाही," तो शेतकरी म्हणाला, "एवढ्यावर दोन घरं वाचली." त्यानंतर त्याने सहा महिने बंदुकीला हात लावला नाही. आम्ही त्याला भित्रा म्हणणार नाही. सभेतला सर्वांत शहाणा माणूस तो होता.

तिसरा दोष काडतुसाचा. ३१५चे काडतूस मागच्या बाजूला कड असलेले असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. उलटे बसले तर बोल्ट अडकतो आणि समोर जखमी डुक्कर असताना अडकतो. हे दिवसा, घरी, रिकाम्या काडतुसांवर शिकायचे काम आहे. शिवाय गावठी कट्टे याच बोअरचे बनतात. त्यामुळे ३१५च्या काडतुसांच्या हिशेबाकडे पोलिसांची नजर अधिक असते. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे आणि एका वेळी किती, हे लिहिलेले असते. एकेका काडतुसाची नोंद वहीत ठेवावी लागते. जो माणूस दुधाचा हिशेब ठेवत नाही, त्याने या भानगडीत पडू नये.

चौथा दोष खर्चाचा. रायफल, काडतुसे, कुलपाची पेटी, परवान्यासाठी जिल्ह्याच्या खेपा, बुडालेली मजुरी. हे सगळे एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला वर्षाला किती क्विंटल जाते आणि त्याचे बाजारात काय येते ते मांडा. ज्या शेतीत मुळातच काही सुटत नाही, तिच्या राखणीसाठी कर्ज काढून रायफल घेणे म्हणजे फुटक्या रांजणाला चांदीचे झाकण.

बारा बोअर आणि ठासणीची

बारा बोअरचे नाव का पडले ते ठाऊक असावे. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा बोअर. पक्ष्यांना बारीक छर्रा, डुकरासाठी मोठे छर्रे. एलजी म्हणतात त्या काडतुसात सहाच मोठे छर्रे असतात. तीस-चाळीस पावलांपर्यंत ते काम करतात. त्यापलीकडे पसरतात, मारत नाहीत, फक्त जखमी करतात. जखमी डुक्कर म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी निंदायला येणाऱ्या बायकांच्या वाटेवर टाकलेला सुरुंग.

पण हाच दोष तिचा गुणही आहे. चुकलेले छर्रे लवकर दम सोडतात. दोन-तीन किलोमीटरवरच्या वस्तीला त्यांचे भय नाही. दुनळी असेल तर दुसरा बार लगेच तयार असतो. पिकातले अंतर असतेच वीस-तीस पावलांचे. आवाजाने कळप पांगतो आणि बहुतेक रात्री आपल्याला तेवढेच हवे असते.

ठासणीची बंदूक कोकणात आणि घाटमाथ्यावर अजून घराघरांत आहे. एक बार झाला की पुन्हा दारू ठासायला वेळ लागतो, आणि पावसात दारू सर्दते. हुसकावायला ती ठीक, मारायला अपुरी. असे असूनही कायदा शेतकऱ्याच्या हातात सर्वांत आधी तीच देतो. कसा, ते पुढे पाहू.

कायदा काय म्हणतो

१९५९च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलेच पाहिजे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, किंवा संरक्षणासाठी अगर शिकारी खेळासाठी वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक मागितली, तर नकाराचे कायदेशीर कारण नसताना परवाना 'द्यावा' असे ते कलम म्हणते. 'देता येईल' असे नाही. पिकासाठी ठासणीची पुरेशी नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. म्हणजे बारा बोअर. रायफल मात्र या यादीत नाही. तिच्यासाठी 'सबळ कारण' दाखवावे लागते आणि कारण सबळ की दुबळे, हे साहेब ठरवतो.

चौदावे कलमही पाठ करा. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. बटईने शेती करणाऱ्या कुणालाही कचेरीतून "सातबारा मोठा नाही" म्हणून परत पाठवले असेल, तर ते बेकायदा आहे. नाकारले तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि मागितले तर त्याचा गोषवारा द्यावा लागतो, सार्वजनिक हिताची आड असेल तेवढा अपवाद. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही तर अधिकाऱ्याला त्याची वाट न बघता निर्णय देता येतो. अठराव्या कलमाखाली अपील करता येते. २०१६च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही आणले आहे. त्याला विरोध करू नका. उलट ते तालुक्याच्या गावी का होत नाही, असे विचारा. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षे झाली, आणि लग्नावरातीत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पिकासाठी घेतलेली बंदूक मिरवणुकीत वाजवणाऱ्याचे समर्थन कुणी करणार नाही.

आता खरी गोम. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. ते दोन वेगळे कागद आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. अकराव्या कलमाने मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी, उभ्या पिकाला धोका असेल तर, लेखी आणि कारणासह परवानगी देऊ शकतो. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानंतर रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याबद्दल अशी परवानगी मिळू शकते. गवा, काळवीट, मोर, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतले. पिकासाठी त्यांच्यावर गोळी झाडाल तर किमान तीन वर्षांची कैद. तिथे कुठलाही मोर्चा तुम्हाला सोडवू शकणार नाही.

परवानगीने मारलेले जनावरही आपले नाही. कायदा म्हणतो, ते सरकारची मालमत्ता. पंचनामा व्हावा लागतो, विल्हेवाट वनखात्याच्या हुकमाने लागते. ताटात आले तर गुन्हा. ठीक आहे. पण मग आम्ही एकच प्रश्न विचारतो. मेलेले डुक्कर जर सरकारचे, तर जिवंतपणी आमच्या हरभऱ्यात चरत होते तेव्हा ते कोणाचे होते? ज्याची गाय दुसऱ्याच्या पिकात शिरते, त्याच्याकडून कोंडवाडा दंड घेतो. सरकारच्या जनावरांना कोंडवाडा नाही आणि सरकारला दंड नाही.

निवडणूक आली की बंदूक जमा

परवाना मिळाला, बंदूक आली, तरी संपत नाही. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. २०२४ या एका वर्षात लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. ऑक्टोबरात सोयाबीन खळ्यावर, कापूस बोंडावर, तूर फुलोऱ्यात आणि हरभरा पेरणीत. डुकरे मतदार यादी बघून येत नाहीत. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे कोणाची शस्त्रे जमा करायची, हे छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवायचे असते. सरसकट सगळ्यांची नव्हे. ज्याच्यावर गुन्हा नाही, ज्याचा परवाना पिकाच्या राखणीचा आहे, त्याने त्या समितीकडे लेखी अर्ज करावा. शंभर अर्ज एका दिवशी गेले तर कचेरीला वाचावेच लागतील.

बंदुकीशिवाय काय चालले आहे

परवाना मिळत नाही, परवानगी मिळत नाही, तेव्हा माणूस काय करतो ते सर्वांना माहीत आहे. विजेच्या खांबावरून उघडी तार ओढून बांधावर टाकतो. डुक्कर मरते, कधी आपलाच बैल मरतो, कधी पहाटे परसाकडे निघालेले माणूस मरते. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, आणि घरात ज्याची जागल होती तोच तुरुंगात. दुसरा प्रकार पिठाच्या गोळ्यातल्या गावठी बॉम्बचा. तो गाईच्या तोंडात फुटतो.

आम्ही स्पष्ट सांगतो. उघडी तार आणि बॉम्ब यांना आमचा पाठिंबा कधीही मिळणार नाही. कितीही नुकसान झालेले असो. झटका देणारे सौर कुंपण ही वेगळी गोष्ट. त्यात विजेचा झटका क्षणाच्या अगदी बारीक भागापुरता असतो, लागतो पण मारत नाही. ज्याला परवडेल त्याने आधी ते करावे, आणि गट करून अख्ख्या शिवाराला एकच कुंपण केले तर एकरी खर्च बराच खाली येतो.

भरपाईचेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की खरीप २०२६ पासून रानटी जनावरांनी केलेले नुकसान पीक विम्यात धरले जाईल, आणि नुकसानीची खबर ७२ तासांत फोटोसह मोबाइलवरून द्यायची. चांगले आहे. पण ज्याची रात्र शेतात जाते, त्याने दिवसा फोटो काढत फिरायचे आणि नेटवर्क शोधत टेकडीवर चढायचे, यात किती जण पोचतील, हे आपणच बघायचे आहे. प्रत्येक गावात एका तरुणाने हे काम अंगावर घ्यावे.

दोन राज्यांचे दोन धडे

डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर एका वर्षासाठी उपद्रवी ठरवले गेले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून शिकारी आणून दोनशेहून अधिक रोही मारले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांविरुद्ध जाहीर बोलले, वर्तमानपत्रांना आठवडाभर खाद्य मिळाले. निर्णय दिल्लीचा, भांडण दिल्लीचे, बंदूकही परक्याची. शेतकरी बांधावर उभा राहून बघत होता.

मे २०२२ मध्ये केरळने वेगळी वाट धरली. रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायत आणि नगरपालिकांच्या प्रमुखांकडे दिला. गावचा माणूस अर्ज घेतो, गावच्या परिस्थितीची त्याला माहिती असते, आणि परवानाधारक नेमबाजाची यादी जवळ असते. त्यातही अडचणी आहेत. तरी निर्णय पिकाजवळ आला, हे महत्त्वाचे. आमचा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे.

तर मग कोणती घ्यावी?

आता त्या म्हाताऱ्या बाबांना उत्तर.

बाबा, तुमचे रान सपाट आहे, तिन्ही बाजूंना दुसऱ्यांची शेती आहे आणि अर्ध्या कोसावर वस्ती आहे. तुम्हाला रायफल नको. बारा बोअर मागा. कायदा तुमच्या बाजूने आहे, काम वीस-तीस पावलांचे आहे आणि चुकलेला बार शेजाऱ्याच्या घरात जाणार नाही.

रायफल कुठे शोभते? जिथे रान डोंगराच्या कुशीत आहे आणि गोळीच्या मागे मातीची चढण आहे. जिथे पक्का माळा आहे आणि नळी नेहमी खाली, जमिनीकडे राहते, म्हणजे चुकलेली गोळी मातीत पुरली जाते. जिथे मोकळ्या माळावर जनावर दूर असते आणि उजेड पुरेसा असतो. आणि मुख्य म्हणजे जिथे चालवणारा माणूस शिकलेला, शांत डोक्याचा, न पिणारा आहे. असा माणूस घराघरांत नसतो. पाच गावांत एक-दोन असतात. म्हणून रायफल ही आमच्या मते एकेका शेतकऱ्याची खरेदी नव्हे. ज्याच्यावर पाच गावांचा विश्वास आहे, त्याच्या नावे तिचा परवाना मागावा. काडतुसांचा खर्च आणि अंगावर येणारी कोर्टकचेरी गावांनी वाटून घ्यावी. काडतुसांचा हिशेब गावासमोर व्हावा.

आमच्यातल्या काही तरुण कार्यकर्त्यांना हे पटणार नाही. ते म्हणतात, शहरातल्या बिल्डराला कमरेला पिस्तूल चालते, मग शेतकऱ्याला रायफल का नको? त्यांचा राग आम्हाला कळतो. लायसेन्स-परमिटच्या राज्यात शेतकऱ्याला प्रत्येक गोष्टीसाठी हात जोडावे लागतात, त्यात बंदूकही आली. हक्क हवा, यात वाद नाही. पण हक्क मागणे वेगळे आणि हक्क मिळाला म्हणून घरोघर रायफल टांगणे वेगळे. चळवळ शेतकऱ्याचा जीव वाचवायला आहे. बांधाच्या वादात रात्री रायफल बाहेर निघाली, तर पुढच्या तीन पिढ्या तारखांना जातील.

जिल्हा बैठकीसाठी

प्रत्येक गावाने चार गोष्टी लिहून आणाव्यात. गेल्या दोन हंगामांत कोणत्या पिकाचे किती नुकसान झाले, एकरांत आणि क्विंटलात. बंदुकीच्या परवान्यासाठी किती अर्ज गेले, किती पडून आहेत, किती नाकारले आणि लेखी कारण दिले का. वनखात्याकडे शिकारीच्या परवानगीचे किती अर्ज गेले आणि उत्तर किती दिवसांनी आले. उघड्या तारेने किती माणसे आणि जनावरे गेली. नावे नकोत, आकडे हवेत. आकड्यांशिवाय आपण कचेरीत गेलो तर ते आपल्याला गोष्टी सांगणारे म्हणतात.

त्या आकड्यांवर मागण्या ठरतील. परवानगीचा अधिकार गावाजवळ आणा. मुदतीत उत्तर द्या. प्रशिक्षण तालुक्याला घ्या. पिकाच्या राखणीच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा करू नका. आणि तुमची जनावरे आमच्या रानात चरणार असतील, तर चराईचा भाव द्या. भावावर बोलायची सवय आपल्याला आहेच.

शेवटी एक लहानशी गोष्ट, पण बंदूक हाती घेणाऱ्या प्रत्येकासाठी. रात्री पिकात खसखस झाली की आधी हाक मारा. मोठ्याने, नाव घेऊन. डुक्कर असेल तर पळेल आणि आजचे काम झालेच. माणूस असेल तर ओ देईल.